अकोल्याच्या काकांचं मत

माझ्या दुकानात लोक टाइप करून घ्यायला काय आणतात ते ठरलेलं आहे. उत्पन्नाचा दाखला, वारसाचा अर्ज, शेजाऱ्याच्या नालीचं पाणी आपल्या दारात येतं म्हणून तक्रार. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापासून चार पावलांवर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि इतकी वर्षं लोकांची गाऱ्हाणी बडवून माझा स्वभाव जरा तुसडा झाला आहे. देवीदास ढोमणे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात कागदच नव्हता. अंगाला ओल्या पोत्याचा आणि झेंडूचा वास. त्याने चपला दाराबाहेर काढल्या. माझ्या दुकानात कोणी चपला काढत नाही, फरशीची तेवढी लायकीच नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "एक मत हाये. टाइप करून पायजे."

"कोन्त्या खात्याले?" मी विचारलं.

"खात्याले नाही. फाटक बंदले."

मला वाटलं रेल्वेची तक्रार आहे. मी वर 'माननीय व्यवस्थापक महोदय' असं बडवूनही टाकलं. तो वाकून वाचत होता. म्हणाला, "महोदय कायले टाकता बाप्पा? पोट्टे हायेत ते."

फाटक बंद हा अमरावतीच्या चार पोरांचा रॉक बँड. इंजिनिअरिंग कॉलेजात असताना त्यांनी तो काढला आणि पुढे मुंबईला जाऊन हिंदी-मराठी गाणी करू लागले. त्यांच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान आहे. पुण्याची, बेंगळुरूची, कुठकुठची पोरं तिथे रोज भांडत असतात. देवीदासला त्या पानावर बँडच्या पहिल्या अल्बमबद्दल मत टाकायचं होतं, आणि मोगऱ्याची कळी निवडणारी त्याची बोटं मोबाइलच्या अक्षरांवर मात्र हटकून चुकायची. तो बोलला, मी हसू दाबत टाइप केलं. "नऊ गानी हायेत. पाच बाजारात उभी राहतीन. दोन घरी खावा. दोन गुरापुढं टाका." खाली प्रत्येक गाण्याचा नंबर आणि दोन-दोन ओळी. गाण्यांची नावं तो कधी घेत नसे. नाव ऐकलं की आधीच चांगलं वाटायला लागतं, असं त्याचं म्हणणं.

पानावर धमाल उडाली. हा कोण माणूस म्हणून चौकश्या सुरू झाल्या. पोरांनीच त्याचं नाव 'अकोल्याचे काका' ठेवलं. कोणाला तो संगीताचा प्रोफेसर वाटला, कोणाला रिटायर झालेला वादक. मी म्हटलं, सांगून टाकू का, हार-फुलांचं दुकान आहे म्हणून? तर म्हणाला, "काहून? मताले धंदा नसते."

त्याला हे वेड कसं लागलं ते तो फार चवीने सांगायचा. अमरावतीच्या एका कॉलेजात गॅदरिंगच्या स्टेजला झेंडूच्या माळा लावायला गेला होता. काम संपलं, टेंपोवाला हॉर्न मारत होता, आणि मागे पोरांनी वाजवायला सुरुवात केली. "ढोल छातीत वाजला ना सुधाकर. कानात नाही, इथी." इथी म्हणताना तो बरगडीवर थाप मारायचा. टेंपो त्याला सोडून निघून गेला आणि हा माणूस रिकाम्या टोपलीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. बायको त्याच्या आधीच्या वर्षी गेली होती, मुलगी रेखा धामणगाव रेल्वेला सासरी. घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. "त्या पोट्ट्यायनं मले संगत देल्ली," असं तो म्हणायचा. मी थट्टा करायचो की एवढ्या वयात लोक भजनाला बसतात, तू हे काय धरलं लेका?

नवा अल्बम आला की त्या दिवशी याचं दुकान बंद. एकदा दसऱ्याला दोन दिवस असताना अल्बम आला. झेंडूवाल्याचं अख्खं वर्ष त्या दोन दिवसांवर असतं. याने पोती तशीच शेजाऱ्याच्या हवाली केली, अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि घरी बसून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये पाणीसुद्धा न पिता, ऐकलं. मत त्याच दिवशी द्यायचं नाही हा नियम. "त्या दिवशी सगळंच गोड लागते. दुसऱ्या दिवशी उठल्यावर जे डोक्यात वाजून राहते, तेवढंच खरं." दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे हजर. त्या दुसऱ्या अल्बमला त्याने गायकाला धुतलं होतं. "गवय्या आता सोताचाच आवाज आयकून राहिला. बाकीच्या तिघायले त्यानं नोकर केलं." पानावर दोन दिवस युद्ध झालं. याला त्याचं काही नाही. फुलांच्या दुकानातही हा असाच होता. गिऱ्हाइकाने हार उचलला की हा आपणहून सांगायचा, "तो कालचा हाये भाऊ, पानी मारलं म्हनून ताजा दिसून राहिला. हा घ्या." शेजारचे दुकानदार कपाळाला हात लावायचे.

आणि मी? मी बारा वर्षं त्याची मतं टाइप केली, पण त्या बँडचं एक गाणं पूर्ण ऐकलं नाही. मला तो पत्र्याच्या शेडमधला गोंगाट वाटायचा. तसं मी त्याला तोंडावर सांगायचो आणि तो हसायचा. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे त्याचीच शिक्षा मला झाली.

चारेक वर्षं बँडचं नवं काहीच आलं नव्हतं. तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तो तणतणत आला. म्हणे, कंपनीने पहिल्या अल्बममध्ये खोडसाळपणा केला, झांजा काढून टाकल्या. "पह्यले पत्र्याच्या झांजा कशा चरचर वाजत होत्या. आता गायब. टाइप कर." मीही कडक भाषेत टाइप केलं आणि पानावर टाकलं. तासाभरात पोरांची उत्तरं आली. काका, झांजा आहेत. काका, आत्ता ऐकलं, जशाच्या तशा आहेत. काका, तुमचा फोन बिघडला का? मी एकेक वाचून दाखवलं. मग माझ्या फोनवर ते गाणं लावलं. मलासुद्धा झांजा ऐकू आल्या, मला, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. देवीदास माझ्या तोंडाकडे बघत होता. "वाजून राहिल्या का?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो चपला घालून निघून गेला.

मग मी त्याला अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बाहेरून मी बघत होतो. बराच वेळ त्याचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. मी मनात म्हणत होतो, दाब ना लेका, अंदाजाने दाब! पण तो खोटं बटण दाबणाऱ्यातला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांच्या नसा सुकत चालल्या आहेत, आधी बारीक आवाज जातात, मग बाकीचे. वर्ष म्हणा, कदाचित कमी. मशीन लावून पाहिलं. देवीदासने ते लावून आपलं एक गाणं ऐकलं आणि कानातून काढून टेबलावर ठेवलं. "मानसं आयकू येतात साहेब. गानं नाही येत. पत्र्यावर गारा पडून राहिल्या."

आणि नेमकं त्याच महिन्यात फाटक बंदने जाहीर केलं, नवा अल्बम येतोय. दिवाळीत.

देवीदासने तेव्हापासून कान राखून वापरायला सुरुवात केली. कोणी जोरात बोललं की कानावर हात. बाजारातल्या भोंग्यांपासून लांब पळायचा. डाव्या कानात जास्त उरलं होतं, म्हणून त्या बाजूला कापूस. सगळी श्रवणशक्ती जणू त्याला त्या एका दिवसासाठी शिल्लक ठेवायची होती. मला म्हणायचा, "एकच बार पायजे, सुधाकर. पह्यल्यापासून शेवटलोक, एकच बार. मंग गेले तं गेले." दिवाळी आली, अल्बम आला नाही. बँडने लिहिलं, काम बाकी आहे, आता जानेवारीत. तो मजकूर मी त्याला मोठ्या अक्षरात छापून दाखवला. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मला त्या चार पोरांचा असा संताप आला की काय सांगू. पण त्यांना तरी काय माहीत? पानावर आपल्या कानाबद्दल लिहायला त्याने सक्त मनाई केली होती.

मग कळलं की गायकाच्या बहिणीचं लग्न अमरावतीला आहे. देवीदास तिथल्या डेकोरेटरच्या अक्षरशः हातापाया पडला आणि मांडवाच्या फुलांचं काम मिळवलं. हळदीच्या दिवशी सकाळी टेंपोत पोत्यांवर बसून आम्ही दोघं गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं. तो म्हणाला, चाल, मले आयकू नाही आलं तं तू सांगजो.

गायक म्हणजे तिशी उलटलेला, केस मागे बांधलेला, अंगाला हळद लागलेला साधा पोरगा निघाला. मीच धीर करून म्हटलं, हे अकोल्याचे काका. तो क्षणभर बघत राहिला आणि मग वाकून चक्क पाया पडला. "काका, तुमचं मत आम्ही चौघं वाचतो. दुसऱ्या अल्बमच्या वेळी तुम्ही मला झोपू दिलं नव्हतं." देवीदासचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "नवं आयकवता का? थोडंसं?" पोराने इकडेतिकडे पाहिलं, फोन काढला, इअरफोन दिले. "फक्त तुम्हाला हं काका. आधी एक ऐका, मग बाकीची सात." आवाज पूर्ण वाढवायला मी सांगितलं. देवीदासने चपला काढल्या, झेंडूच्या पोत्यावर मांडी घातली, डाव्या कानातला कापूस काढला आणि डोळे मिटले.

गाणं संपलं. पोरगा लहान मुलासारखा समोर उकिडवा बसला होता. "कसं वाटलं काका?"

मी मनातल्या मनात गणपती, मारुती, सगळे देव पाण्यात घातले. चांगलं म्हण. नुसतं चांगलं म्हण. सात गाणी पुढे आहेत, कान उद्या असतील की नाही ठाऊक नाही, एकदा खोटं बोललास तर कोणाचं काय जातं?

देवीदास म्हणाला, "पानी मारलं भाऊ तुमी."

"म्हणजे?"

"पह्यल्या अल्बमचंच फूल हाये. शिळं हाये. पानी मारून मांडलं. लोकं घेतीन. पन मले इचारलं म्हनून सांगतो."

पोराचा चेहरा उतरला. रागावला नाही तो, तेवढा मोठेपणा त्याच्यात होता. हळूच इअरफोन काढून घेतले, फोन खिशात टाकला. "बाकीचं अजून पक्कं नाही काका. जानेवारीतच ऐका." मी पुढे झालो, सांगणार होतो की बाबा, यांना जानेवारी नाही. तेवढ्यात देवीदासने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. कोणीतरी पोराला हळदीला हाक मारली आणि तो गेला.

परतीच्या टेंपोत मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मोठ्याने, म्हणजे त्याला ऐकू याव्यात. "मूर्खा, चांगलं म्हनलं असतं तं तुह्या बापाचं काय गेलं असतं? अन् मले काहून धरलं?"

"तू सांगितलं असतं तं त्यानं कीव करून आयकवलं असतं. कीव केल्यावर मत कसं देऊ?"

"मत गेलं खड्ड्यात! जानेवारीत काय करशीन?"

"जानेवारीत मी असन," तो म्हणाला. "कान नसन." आणि तोंड फिरवून रिकाम्या पोत्यांकडे बघत बसला. मी रस्त्याकडे तोंड केलं. मलाच रडू येईल अशी भीती वाटत होती. आजही वाटतं, दंड सोडवून घ्यायला पाहिजे होता. ओरडून सांगायला पाहिजे होतं त्या पोराला.

जानेवारी लागेपर्यंत उजवा कान पूर्ण गेला आणि डाव्यात नुसती घरघर राहिली. आम्ही माझ्या कॉम्प्युटरवर बोलू लागलो. मी पडद्यावर मोठ्या अक्षरात टाइप करायचो, तो तोंडाने उत्तर द्यायचा, इतक्या मोठ्या आवाजात की रस्त्यावरचे लोक वळून बघत. अल्बम आला त्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्याकडे आला. मी शटर अर्धं ओढलं आणि स्पीकर टेबलावर ठेवले. त्याने दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवले. आठ गाणी झाली. पहिल्या गाण्याला त्याची बोटं जरा हलली, नंतर नुसती ठेवलेली. संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टाइप केलं, "झकास आहे."

"झकास म्हंजे? तिसरं कसं हाये?"

"छान आहे."

"सहावं?"

"तेही छान."

"ढोल पुढं हाये का मांगं हाये?"

काय सांगणार? मला ढोल पुढे म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. बारा वर्षं त्याची वाक्यं माझ्या बोटांतून गेली आणि कानात थेंबभर उतरलं नाही. मी पुन्हा 'छान' टाइप केलं. तो उठून गेला. पुढचे आठ-दहा दिवस तो आलाच नाही. मी ती आठही गाणी सकाळ-संध्याकाळ लावून बसलो. चष्मा लावून बघावं तसा कान ताणून ऐकत होतो. शिळं की ताजं, काही म्हणता काही कळेना. तिकडे पानावर रोज विचारणा. काकांचं मत कुठे आहे? काका रागावले का? काका बरे आहेत ना?

तेव्हा मी ते केलं. त्याचं मत मीच लिहिलं. भाषा तर माझ्या बोटात बसलेली होती. "आठ गानी हायेत. सहा बाजारात उभी राहतीन. दोन घरी खावा." प्रत्येक गाण्याखाली दोन-दोन ओळी, ढोल, झांजा, तिखट, खारट, सगळं. कोणालाही शंका आली नाही. पोरं नाचली. गायकाने स्वतः लिहिलं की काकांनी पास केलं, आता बाकी जगाची पर्वा नाही. मला वाटलं, हे वाचून देवीदासला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू, थोडं मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. चपला घालूनच आत आला. फोन माझ्या टेबलावर आपटला. "हे कोनाचं मत हाये?"

मी टाइप करू लागलो, तुझ्यासाठीच, पोरं वाट बघत होती. त्याने माझे हात धरून कीबोर्डवरून बाजूला केले. "कान गेले, ते मी सहन केलं. कोनाले दोष देल्ला नाही. पन मतच तं उरलं होतं रे माह्याजवळ. तेही तू इकलं?" मोठ्याने ओरडला, त्याला स्वतःला ते ऐकू येत नव्हतं. झेरॉक्सला आलेली एक बाई घाबरून बाहेर गेली. मग त्याचा आवाज एकदम बसला. "सुधाकर, त्या पोट्ट्यानं इस्वास ठेवला त्याच्यावर. आता तो काय करीन? तेच शिळं आनखी मांडीन."

तो खुर्चीत बसला. म्हणाला, टाइप कर. मी केलं.

"कालचं मत माहं नाही. मले आयकू येनं बंद झालं. हा अल्बम मी आयकला नाही, म्हनून माहं काही मत नाही. — अकोल्याचा काका, देवीदास ढोमणे, हार-फुलवाला, जुनं शहर."

त्याने ओळींवर बोट फिरवत दोनदा वाचलं. "टाक," म्हणाला. मी टाकलं. तो म्हणाला, उद्या रेखा न्यायला येते, धामणगावले जातो, दुकान पोरीच्या दिराले देल्लं. एवढ्या वर्षांच्या माणसाला निरोप देताना मी अर्ज टाइप करणारा माणूस काय बोलणार? खाली उत्तरं यायला लागली होती, ती मी वाचून दाखवली नाहीत. त्यानेही विचारली नाहीत.

मग त्याने विचारलं, "तू आयकला ना? खरं सांग. कसा हाये?"

मी या वेळी खरंच टाइप केलं. "मला कळत नाही. सतरा-अठरा वेळा ऐकला. पण पाचव्या गाण्याला मला दर वेळी रडू येतं."

त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उजळलं. तो पुढे वाकला. "पाचव्या? गान्यापाई येते का माह्यापाई येते?"

खोटं लिहायला एक सेकंद लागला असता. बोटं त्या अक्षरांवर गेलीही होती. मी लिहिलं, "तुझ्यापायी."

देवीदासने ते वाचलं. मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "मंग ते मत नाही झालं, भाऊ."